राणीचे सतरा ससे


आज एका राणीच्या सशांबद्दल बोलू.

सिनेमाचं नाव 'द फेव्हरिट'. साल २०१८.
दिग्दर्शक ग्रीसचे योर्गोस लांथिमोस.
पाठीशी हॉलिवूडची कंपनी, नजर मात्र त्यांचीच, तिरकस.

अठराव्या शतकातली इंग्लंडची राणी ॲन.
तिच्या शयनगृहात ससे. एकूण १७.
गमावलेल्या प्रत्येक अपत्यामागे एक ससा.

ससे कल्पनेतले बरं का!
दुःख मात्र खरं.
ॲनचं एकही मूल मोठं झालं नाही.

रात्रीची दृश्यं मेणबत्त्यांच्या उजेडातली.
भिंग असं, की भिंतीच वाकलेल्या दिसतात.
एवढा मोठा महाल, पण जीव गुदमरतो.

राणी झालेल्या ऑलिव्हिया कोलमनला ऑस्कर मिळालं.
मिळायलाच हवं होतं.

मुलांना घेऊन मात्र बघू नका.
आणि सतरा सशांवर लक्ष ठेवा.
शेवटच्या दृश्यातही तेच आहेत.