एका अणूची पकड



बोर्निओच्या मातीतील एका जंतूपासून ‘व्हँकोमायसिन’ हे औषध निघाले. १९५८ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. हा पेप्टाइड, म्हणजे सात अमिनो आम्लांची कड्यांत वळलेली साखळी. रोगजंतू आपली भिंत ज्या दुव्यांनी सांधतो, त्यांचे टोक हा रेणू घट्ट धरतो. भिंत अपुरी राहते, जंतू मरतो. पण १९८८ साली युरोपातून निराळीच बातमी आली. काही जंतूंना हे औषध बाधेना! त्यांनी त्या टोकात नत्राच्या जागी प्राणवायूचा एक अणू बसविला होता. तेवढ्याने पकड हजारपट सैल झाली. रुग्णाच्या उशाशी बसलेल्यांना याचा अर्थ सांगावयास नको.

अमेरिकेतील डेल बोगर यांनी २००६ साली उलट बाजूने विचार केला. जंतूकडील प्राणवायू व औषधातील प्राणवायू एकमेकांस दूर लोटतात ना, मग औषधातलाच काढावा! वर्गात आम्ही असा अणू फळ्यावरून बोटाने पुसतो. तेथे रेणू मुळापासून रचावा लागला. नवा रेणू दोन्ही टोके धरतो. जुन्यावरची पकड मात्र बरीच ढिली झाली, हे लपविण्यात अर्थ नाही. २०१७ साली त्यांनी आणखी दोन बदल जोडले, जेणेकरून जंतूवर तीन रीतींनी घाव बसावा. रुग्णालयात हे औषध अद्याप यावयाचे आहे.