पिकल्या वयातील बिऱ्हाडबदल



हिमायतनगरचे बिऱ्हाड आवरून आम्ही उभयता कोइमतूरच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत राहावयास निघालो आहोत. येथला पौषातील गारठा आता सांध्यांना सोसत नाही. तेथे थंडी बेताचीच. तरी मनात धाकधूक आहे. कानावर तमिळ पडेल; आमची मराठी अन् दखनी कोण ऐकणार?

परंतु १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेव्हा आमचे वडीलधारे या शहरात टिकून राहिलेच. उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकलेल्या त्या पिढीने १९०७ सालची विवेकवर्धिनी जतन केली, मुलांना मराठी दिली. तो धीर त्यांना आपल्या माणसांनी दिला.

म्हणून विश्वस्तांना एकच विनंती : पत्ता बदलला, तरी सभासदांच्या यादीतून आमचे नाव काढू नये.