रेणूंच्या निऱ्या

पहाटे दाराशी येऊन पडणारी दुधाची पिशवी कोलकात्यातील असो वा पुण्यातील, तिची शिवण सुईदोऱ्याची नसते. दोन तप्त पट्ट्यांच्या चिमट्यात फिल्म क्षणभर दाबली जाते आणि तिचे पापुद्रे वितळून एकजीव होतात. उष्णता उणी पडली तर शिवण उसवून दूध वाटेतच सांडते; अधिक झाली तर फिल्मलाच भोक पडते. साऱ्या घराचा सकाळचा चहा असा एका द्रवणांकावर अवलंबून असतो.

ही फिल्म पॉलिएथिलीनची. १९३३ साली इंग्लंडमधील विनिंग्टन येथे गिब्सन व फॉसेट यांना, एथिलीन वायूवर प्रचंड दाब दिला असता, मेणासारखा पांढरा पदार्थ अनपेक्षितपणे हाती लागला. १९५३ साली जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी विशिष्ट उत्प्रेरकाच्या साहाय्याने तोच पदार्थ अल्प दाबाखाली सिद्ध केला. परंतु तो ‘तोच’ होता काय? पहिला सुमारे ११० अंश सेल्सिअसला वितळे, दुसरा १३० च्याही पुढे. कार्बन तोच, हायड्रोजन तोच, त्यांचे प्रमाणही तेच! भेद होता तो शाखांचा. पहिल्याच्या साखळीला जागोजाग फाटे फुटलेले होते. दुसऱ्याची साखळी जवळजवळ सरळ होती.

फाट्यांनी द्रवणांक का उतरावा? १९५७ साली ब्रिस्टल येथे अँड्र्यू केलर यांनी दाखवून दिले की, हजारो कार्बन-अणूंची ही साखळी स्फटिकात लांबलचक पसरत नाही. लुगड्याच्या निऱ्यांसारखी ती पुन्हा पुन्हा दुमडते. एका निरीची उंची मिलिमीटरच्या सुमारे एक लक्षांश. निरी जितकी आखूड, तितका स्फटिक पातळ आणि तितका तो लवकर वितळणारा. आता लुगड्याला मधूनमधून गाठी मारल्या, तर दोन गाठींमध्ये जेवढे कापड मोकळे राहील तेवढीच निरी पडणार.

एथिलीनबरोबर ब्यूटीन वा हेक्झीन मिसळून जे सहबहुवारिक करतात, त्यात या गाठी हेतुपुरस्सर मारल्या जातात. झीग्लरच्या परंपरेतील उत्प्रेरक मात्र गाठी वाटण्यात पक्षपाती असतात : काही साखळ्यांना पुष्कळ, काहींना जवळजवळ एकही नाही. त्यामुळे असा पदार्थ एका अंशाला न वितळता हळूहळू, मोठ्या टप्प्यात वितळतो. १९८० च्या सुमारास हँबुर्ग येथे कामिन्स्की यांच्या संशोधनातून पुढे आलेल्या मेटॅलोसीन उत्प्रेरकांनी साखळीसाखळीतील हा पक्षपात पुष्कळसा दूर केला. तरीही एकाच साखळीवर गाठ नेमकी कोठे पडावी, हे दैवाधीनच राहिले.

ते दैव फ्लोरिडा विद्यापीठात केनेथ वॅगनर यांच्या सहकाऱ्यांनी बाजूस सारले. ज्यात फाट्याची जागा आधीच ठरलेली आहे असे लहान, सममित रेणू त्यांनी टोकाला टोक जोडून साखळी केली. २००० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे बोलके आहेत. दर एकविसाव्या कार्बनवर एक मिथिल गट असता द्रवणांक ६२ अंश. दर पंधराव्यावर ३९. दर नवव्यावर शून्याखाली १४! तेवढेच फाटे वाटेल तसे विखुरले, तर पदार्थ याहून वरच्या तापमानापर्यंत तग धरतो. हे प्रथमदर्शनी उलटे वाटते. परंतु अव्यवस्थेत काही लांब पल्ले बिनगाठीचे सुटतात आणि तेथे उंच निऱ्या पडतात. नियमित साखळीत ती सवलत कोणालाच नाही.

याहूनही मनोवेधक गोष्ट फाट्याच्या आकाराची. एकविसाव्याच जागी मिथिलऐवजी एथिल बसविला की द्रवणांक २४ अंशांवर येतो, आणि ब्यूटिल बसविला की सुमारे १२ वर. त्यापुढे फाटा आणखी थोडा वाढविला तरी फारसा फरक पडत नाही. चिमुकला मिथिल स्फटिकात कसाबसा सामावून घेतला जातो. मोठ्यांना तेथे जागाच नाही. ते बाहेरच राहतात, आणि एकदा बाहेर राहिल्यावर ते केवढे आहेत, याची स्फटिकाला पर्वा नसते.

ही नेमकी साखळी दुधाच्या पिशवीसाठी नव्हे. ती घडविणे फार खटाटोपाचे आहे. पिशवीच्या फिल्ममध्ये सहसा गाठी मारलेले सहबहुवारिक आणि विनिंग्टनच्या कुळातील जुने पॉलिएथिलीन यांचे मिश्रण असते. एक बळकटी देते, दुसऱ्यामुळे फिल्म ओढणे सोपे जाते; आणि तप्त पट्ट्यांचे तापमान त्या दोघांना मानवेल असे राखावे लागते.