दर्याची भागीदारी

(पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



अर्थशास्त्र म्हटले की आपल्याला बँक, बाजार आणि अंदाजपत्रक आठवते. दर्या आठवत नाही. वास्तविक आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कितीतरी घरांची चूल दर्याच्या जिवावर पेटते आणि कितीतरी मुलांची पुस्तके मासळीच्या पैशातून येतात. म्हणून आज दर्याचाच हिशेब आपल्यापुढे मांडतो.

प्रथम एक साधे उदाहरण घेऊ. एखाद्या बागायतदाराने यंदा हापूसची निम्मी कलमे तोडून लाकूड विकले, तर या वर्षी त्याच्या हाती पैसा जास्त येईल. पण त्याची कमाई वाढली असे कोणी म्हणेल काय? आपण म्हणू, त्याने बाग खाल्ली. मासळीचेही तसेच आहे. अंडी घालण्यासाठी दर्यात जी मासळी उरते ती आपली बाग, आणि तिच्यापासून दर वर्षी होणारी वाढ हे फळ. फळ खावे, बाग खाऊ नये. बंदरावर उतरलेल्या टोपल्या आपण मोजतो. देशाच्या उत्पन्नातही त्याच धरल्या जातात. दर्यात काय उरले, ते मात्र त्या आकड्यात दिसत नाही.

मग शहाणी माणसे बाग का खातात? कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ एच. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ साली याचे उत्तर दिले. कलमाला मालक असतो. मासा मात्र जाळ्यात येईपर्यंत कोणाचाच नसतो. आपण लहान पापलेट सोडले तर उद्या ते दुसऱ्याच्या जाळ्यात जाईल, असे प्रत्येक तांडेलाला वाटते, आणि त्याचे वाटणे खोटे नाही. पकडलेल्या मासळीचे पैसे एकट्याला मिळतात; घटलेल्या मासळीचा तोटा सर्वांत वाटला जातो. म्हणून नफा दिसतो तोवर नव्या नौका येत राहतात, आणि शेवटी सर्वांचीच कमाई खर्चाला येऊन टेकते. मग मोठे इंजिन, बारीक आसाची जाळी, लांबची फेरी आणि त्यासाठी कर्ज! डिझेलवरील कराचा परतावा मिळाला तर फेरीचा खर्च हलका होतो, पण त्याने दर्यात एकही मासा वाढत नाही.

आपल्यासारख्या विकसनशील देशात ही गाठ अधिकच अवघड आहे. ज्याच्या डोक्यावर या महिन्याचा हप्ता आहे, त्याला दहा वर्षांनंतरच्या दर्याची गोष्ट कोणत्या तोंडाने सांगावी?

कायदे आहेत. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ सालचा. पावसाळ्यात यांत्रिक नौकांना बंदी असते. २०१६ साली पर्ससीनवर मर्यादा आल्या, २०१७ साली केंद्र सरकारने एलईडी दिव्यांच्या मासेमारीला मनाई केली. २०२३ साली पापलेट हा राज्यमासा ठरला आणि ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरविण्यात आली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. विद्यार्थी मित्रहो, तुमच्या कंपासपेटीतील पट्टी पंधरा सेंटिमीटरची. तिच्याहून दीड सेंटिमीटर कमी. घरी आलेले पापलेट एकदा मोजून पाहा.

परंतु प्रत्येक जाळ्यामागे सरकार उभे राहू शकत नाही. अर्थशास्त्राचे नोबेल २००९ साली प्रथमच एका स्त्रीला मिळाले, त्या एलिनॉर ऑस्ट्रॉम. सामाईक संपत्ती वापरणारे लोक स्वतः नियम करून, स्वतः राखण करून ती टिकवू शकतात, हे त्यांनी दाखविले. त्यांच्या ग्रंथात तुर्कस्तानातील अलान्या या गावाचे उदाहरण आहे. तेथील मच्छीमारांत जागेवरून भांडणे होत. मग त्यांनी दर सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकून मासेमारीच्या जागा वाटून घेतल्या आणि रोज प्रत्येकाने पुढच्या जागी सरकायचे ठरविले. चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येऊ लागली. आपल्याकडेही नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची जुनी रीत होतीच.

आपल्या धर्मालाही हा विचार परका नाही. पाणी, चारा आणि अग्नी यांत सर्वांची भागीदारी आहे, असे हदीसमध्ये सांगितले आहे. भागीदारीचा अर्थ आपण धंद्यात जाणतो: हक्क सर्वांचा, पण दुसऱ्याला न सांगता गल्ल्यात हात घालायचा नाही.

या सभेत पर्ससीनचे मालक बसले आहेत आणि रापण ओढणारेही. दोष कोणाचा किती, याचा निवाडा मी करणार नाही. पण बोटाएवढी पापलेटे मी दोघांच्याही टोपल्यांत पाहिली आहेत, आणि स्वस्त मिळतात म्हणून ती घरी नेणाऱ्यांत मीही होतो. आता नेत नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच. भगिनींनो, लहान पापलेट विकत घेऊ नका. नौकामालकहो, आपल्या सोसायटीच्या सभेत कर्जाच्या विषयाबरोबर जाळ्याच्या आसाचाही विषय घ्या. आणि मुलगा दहावी होण्याआधी त्याला नौकेवर पाठवू नका. शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आपल्या दाराशी आहे. दर्यात काय उरले याचा हिशेब ठेवणारी मुले आपल्याच घरांतून निघाली पाहिजेत. नाहीतर तो हिशेब दुसरे कोणी लिहील आणि आपल्याला फक्त सही करावी लागेल.