‘विक्रांत’चें दर्शन

श्रोत्यांपैकीं कांहींच्या घरीं अजून एक छायाचित्र जपून ठेवलेलें असेल. करड्या रंगाच्या विस्तीर्ण लोखंडी मैदानावर आजोबा, आजी, सूनबाई आणि दोन मुलें ओळीनें उभीं आहेत; वाऱ्यानें सूनबाईंचा पदर फडफडत आहे, आणि धाकट्यानें डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनीं घट्ट धरली आहे. तें मैदान म्हणजे ‘विक्रांत’ या विमानवाहू युद्धनौकेचा माथा होय. नौदलानें ही निवृत्त नौका मुंबईंत २००१ सालीं संग्रहालय म्हणून लोकांना खुली केली, आणि २०१२ पर्यंत अशा अनेक कुटुंबांची पावलें तिच्यावर उमटलीं.

सुमारें ७०० फूट लांबीची ही नौका जमिनीवरील माणसाला प्रचंड वाटे. पण वैमानिकाला आकाशांतून ती केवढीशी दिसत असेल! मुलांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असे. “आजोबा, एवढ्याशा जागेंत विमान थांबतें तरी कसें?” आजोबा जाणते असले तर सांगत, कीं नौकेच्या माथ्यावर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असत. उतरणाऱ्या विमानाच्या शेपटाशीं एक आंकडा असे. तो तारेंत अडकला कीं कांहीं पावलांतच विमानाचा वेग संपे. उड्डाणाची रीत याच्या उलट. वाफेच्या जोरावर चालणारें एक यंत्र, गोफणींतून दगड सुटावा तसें, ‘सी हॉक’ किंवा ‘अलीझे’ विमान पुढें भिरकावून देई. ‘सी हॅरिअर’ विमानें आल्यावर तें यंत्र काढून नौकेच्या नाकाशीं चढण बांधण्यांत आली. मुलें त्या चढणीवरून धांवत सुटत, आणि त्यांच्या आयांच्या पोटांत गोळा येई.

आजीबाईंची जिज्ञासा निराळी. हजाराहून अधिक माणसें या नौकेवर राहत, हें ऐकतांच त्यांनीं विमानांचा विचार सोडून दिला. “मग एवढ्यांचा स्वयंपाक कोठें होई?” युद्धकथा लिहिणारांना हा प्रश्न क्वचितच सुचतो, वस्तुतः नौकेचें अर्धें रहस्य त्यांतच आहे.

या नौकेचा जन्म दुसऱ्या महायुद्धांतला. ब्रिटिश नौदलासाठीं ‘हर्क्युलीज’ या नांवानें १९४५ सालीं ती पाण्यांत उतरली. पण युद्ध संपलें आणि अपुरें शरीर घेऊन ती वर्षानुवर्षें पडून राहिली. १९५७ सालीं भारतानें ती विकत घेतली. ४ मार्च १९६१ रोजीं बेलफास्ट येथें तिच्यावर भारतीय ध्वज चढला, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ती मुंबईस आली तेव्हां पंडित नेहरू तिच्या स्वागतास हजर होते.

१९७१ चें युद्ध उभें राहिलें तेव्हां तिच्या चार बाष्पकांपैकीं एक तडकलेलें होतें. ही अडचण बाहेरून दिसे त्याहून गंभीर होती. विमान उडवितांना नौका वाऱ्याच्या तोंडीं भरधांव हांकावी लागते, म्हणजे तो वारा विमानाच्या पंखांना मिळतो. नौकाच मंदावली तर विमान समुद्रांत पडण्याचें भय. तें भय पत्करून ती बंगालच्या उपसागरांत गेली. ४ डिसेंबरला तिच्या विमानांनीं कॉक्स बझार आणि चितगांव या ठिकाणीं हल्ले केले.

अशी ही नौका ३१ जानेवारी १९९७ रोजीं निवृत्त झाली. तिचें कायमचें संग्रहालय करावें, अशी बोलणीं पुष्कळ झालीं. परंतु खारें पाणी लोखंडाला रात्रंदिवस खात असतें. तरंगती नौका जपायची तर तिला गोदींत घेऊन तळ खरवडावा, पत्रे बदलावे लागतात, आणि हा खर्च कधींच संपत नाहीं. राज्य सरकारला तो भार उचलणारा भागीदार मिळाला नाहीं. विशाखापट्टणला ‘कुरसुरा’ ही लहानशी पाणबुडी वाळूवर ओढून घेऊन २००२ सालीं संग्रहालय करण्यांत आलें, आणि ती वांचली. ‘विक्रांत’ला असें ओढून घेणें कोणाच्या आवांक्यांतलें नव्हतें हें खरें, तरी ज्या शहराची सारी संपत्ति समुद्रावरून आली, त्याला या एका नौकेपुरता पैसा उभा करतां येऊं नये, याचें वैषम्य वाटतें.

२०१२ सालीं धोकादायक म्हणून तिची दारें लोकांना बंद झालीं. २०१४ सालीं सुमारें साठ कोटी रुपयांस तिचा लिलांव झाला. न्यायालयांत धांव घेणारे निघाले, पण त्यांना यश आलें नाहीं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दारूखान्यांत तिचे पत्रे कापले जाऊं लागले.

तिच्या पोलादाचें एक स्मारक २०१६ सालीं लायन गेटजवळ उभारलें आहे. छायाचित्रांतला तो टोपीवाला मुलगा आतां आपल्या लेकीला तेथें घेऊन जातो. मुलगी स्मारकाभोंवतीं एक फेरी घालते, वर पाहते, आणि विचारते, “बाबा, पण यावर विमान कोठें उतरत असे?”