काळी वही लिहिणारा जॅक

आज १९४९ चा एक ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा. थांबा, स्किप करू नका. 'ऑल द किंग्ज मेन'. फक्त १०९ मिनिटांचा आहे, वेब सिरीजचे दोन एपिसोड समजा.

गोष्ट विली स्टार्कची. अमेरिकेतल्या आडगावचा प्रामाणिक माणूस. शाळेच्या बांधकामात घोटाळा आहे, असं तो घसा फोडून सांगतो, कोणी ऐकत नाही. मग त्याच शाळेत फायर ड्रिल चालू असताना जिना कोसळतो, मुलं जातात. तेव्हा कुठे लोकांना विली आठवतो. पुढे तो गव्हर्नर होतो. रस्ते बांधतो, हॉस्पिटल बांधतो आणि सगळं राज्य खिशात घालतो. त्याच्यामागे खरा माणूस आहे, लुइझियानाचा ह्युई लाँग. १९२८ ला गव्हर्नर झाला, नंतर सिनेटर, आणि १९३५ ला राज्याच्या कॅपिटॉल इमारतीतच त्याला गोळी लागली. रॉबर्ट पेन वॉरनची कादंबरी त्यावरून सुचली. तिला १९४७ चं पुलित्झर मिळालं, आणि सिनेमा त्याच कादंबरीवर आहे.

पण मला विलीपेक्षा जॅक बर्डन जास्त छळतो. जॅक पत्रकार, चांगल्या घरातला. विलीकडे त्याचं काम काय, तर लोकांची लफडी शोधून काळ्या वहीत लिहायची. बस. तो कोणाला मारत नाही, धमकी देत नाही. आपण आयटीवाले म्हणतो ना, 'रिक्वायरमेंट आली, बिल्ड केलं', तसंच. एका सज्जन जजचं जुनं प्रकरण तो खणून काढतो. जज ओळखीतला, म्हणून पुरावा विलीला न देता स्वतःकडेच ठेवतो. पण एकदा शोधलेली माहिती राहते का लपून? ती विलीपर्यंत पोचते आणि जज स्वतःला संपवतो. 'डेटाचा ॲक्सेस फक्त आपल्याच टीमकडे आहे' हे वाक्य मी मीटिंगमध्ये इतक्यांदा ऐकलंय की तो सीन बघताना पोटात गोळाच आला.

नुआर म्हणजे फक्त सावल्या आणि सिगारेटचा धूर नव्हे. इथे नुआर आहे तो जॅकच्या थकलेल्या आवाजात. सगळं कळतंय आणि तरी हा माणूस नोकरी सोडत नाही.

लेखन, दिग्दर्शन, निर्मिती, तिन्ही रॉबर्ट रॉसेनचं. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनसारख्या गावांत शूट केलं, गर्दीत गावचीच माणसं उभी केली. सगळं जोडल्यावर सिनेमा भलताच लांब झाला. कितीही कापला तरी जमेना. शेवटी रॉसेननं एडिटर रॉबर्ट पॅरिशला सांगितलं, प्रत्येक सीनचा मध्य पकड, त्याच्या आधीचे १०० फूट आणि नंतरचे १०० फूट ठेव, बाकी उडव. १०० फूट म्हणजे मिनिटभराच्या फिल्मला जरा जास्त. हे ऐकून मी हसलोच! पण म्हणूनच सिनेमा असा धापा टाकत पळतो. बेस्ट पिक्चरचं ऑस्कर मिळालं. विली झालेल्या ब्रॉडरिक क्रॉफर्डला मिळालं. मर्सिडीज मॅककेम्ब्रिजला तर पहिल्याच सिनेमात मिळालं.

आता खरं दुखणं. रॉसेन आधी कम्युनिस्ट पक्षात होता. १९५१ ला संसदेच्या चौकशी समितीनं त्याला बोलावलं आणि सोबत्यांची नावं मागितली. त्यानं दिली नाहीत. झालं, हॉलिवूडची दारं बंद. १९५३ ला तो परत समितीसमोर बसला आणि पन्नासहून जास्त नावं दिली.

म्हणजे ज्यानं जॅकची वही पडद्यावर आणली, त्याच्याच हातात चार वर्षांनी ती वही. मला त्याचा राग येतो. पहिल्यांदा नाही म्हणायचं धाडस त्याच्यात होतं, म्हणून तर जास्तच येतो. पण दोन वर्षं कोणी काम देत नाही, घर चालवायचंय, अशा वेळी मी काय केलं असतं? इथे बसून माईकवर बोलणं सोपं आहे, यार. काम त्याला परत मिळालं. १९६१ ला त्यानं 'द हसलर' केला, आणि तो जबरदस्त आहे, हे नाकारता येत नाही. १९६६ ला तो गेला.

पुढच्या भागात 'द हसलर'च घेऊ. तोवर हा बघा आणि कमेंटमध्ये सांगा, जॅकनं तो पुरावा हातात आला त्याच रात्री जाळायला हवा होता का?