धावत्या चाकाचा थांबलेला बिंदू



आज विषय चाकाचा. बाईक चालवता चालवता ऐकत असाल, तर आधी गाडी बाजूला घ्या किंवा इयरफोन काढा. हा भाग कुठे पळून जात नाही. असं का सांगतेय, तेही पुढे येईलच.

सुरुवातीला एक प्रश्न. समजा तुम्ही वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर आहात, गोरेगावच्या आसपास, आणि चक्क रस्ता मोकळा आहे. स्पीडोमीटर 60 दाखवतोय. तर मग चाकाचा सगळ्यात वरचा बिंदू किती वेगाने पुढे चाललाय? आणि रस्त्याला टेकलेला सगळ्यात खालचा?

बहुतेक जण म्हणतात, दोन्ही 60. चाक तर एकच आहे ना!

उत्तर असं आहे: वरचा 120 आणि खालचा शून्य. बरोबर ऐकलंत, शून्य. तुमचं चाक रस्त्याला जिथे टेकतं, तिथे ते त्या क्षणाला थांबलेलं असतं.

हे कसं, ते बघू. चाक एकाच वेळी दोन कामं करतं. एक म्हणजे ते अख्खंच्या अख्खं 60 ने पुढे जातं. दुसरं म्हणजे ते स्वतःभोवती फिरतं, आणि फिरताना त्याची कडही 60 च्याच वेगाने फिरते, कारण एका फेरीत चाक आपल्या परिघाएवढंच अंतर कापतं. वरच्या बाजूला फिरण्याची दिशा पुढची, म्हणून 60 अधिक 60. खालच्या बाजूला फिरण्याची दिशा मागची, म्हणून 60 वजा 60. संपला हिशोब.

पटत नसेल तर मेट्रोच्या कामावरचं पोकलेन आठवा. उपनगरात राहता म्हणजे बघितलंच असेल. त्याचा लोखंडी पट्टा जमिनीवर जिथे अंथरलेला असतो, तिथे तो पडून असतो, हलत नाही. मशीन त्याच्यावरून पुढे जातं. वरचा पट्टा मात्र मशीनच्याही दुप्पट वेगाने पुढे पळतो. आता हा पट्टा आखडत आखडत गोल केलात, की झालं चाक.

आणि पुरावा हवा असेल तर तो तुमच्या खिशातच आहे. सोसायटीतल्या कुणालातरी सायकल हळू चालवत समोरून आडवी न्यायला सांगा. फोन भिंतीला किंवा कट्ट्याला टेकवून अगदी स्थिर ठेवा. संध्याकाळच्या कमी उजेडात फोटो काढा. फोनमध्ये प्रो मोड असेल तर शटर सेकंदाचा तिसावा भाग ठेवा. फोटोत चाकाचे वरचे स्पोक पुसट दिसतील आणि रस्त्याजवळचे बऱ्यापैकी स्पष्ट. एकच चाक, एकच फोटो, पण वरचा भाग पळतोय आणि खालचा जवळजवळ थांबलाय.

आता म्हणाल, बरं, मजा आली, पण याचं करायचं काय? तर मंडळी, पावसाळ्यात तुम्ही रस्त्यावर आडवे होणार की नाही, हे याच थांबलेल्या बिंदूवर ठरतं.

घरातलं लोखंडी कपाट कधी सरकवलंय? पहिला धक्का देताना जीव जातो. एकदा सरकायला लागलं की त्यामानाने सोपं. म्हणजे, एकमेकांवर न घसरता टेकलेल्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण जास्त भक्कम असतं. घसरायला लागल्यावर ते कमी होतं. चाक फिरतंय तोवर टायरचा खालचा भाग रस्त्यावर घसरत नसतो. तो टेकतो, क्षणभर थांबतो, उचलला जातो, आणि त्याच्या जागी पुढचा भाग येतो. म्हणून त्याला ती भक्कम पकड मिळते. तुम्ही ब्रेक कचकन दाबलात आणि चाक लॉक झालं, की फिरणं संपतं. आता टायरचा एकच तुकडा रस्त्यावर घासत जातो. आपण म्हणतो, "गाडी स्लिप झाली."

स्लिप झाल्यावर दोन गोष्टी हातातून जातात. पहिली, थांबण्याची ताकद. दुसरी त्याहून वाईट: दिशा. घासत जाणाऱ्या टायरवरचं घर्षण फक्त घसरण्याच्या उलट दिशेला लागतं. हँडल कितीही वळवा, गाडी आपली सरळच जाते. पुढचं चाक लॉक झालं तर तोल सावरायला वेळच मिळत नाही. मागचं झालं तर गाडीची शेपटी बाजूला जाते. ब्रेक मारताना भार पुढच्या चाकावर येतो, मागचं चाक हलकं होतं, म्हणून ते लवकर लॉक होतं.

थोडे आकडे घेऊ. कोरडं डांबर आणि चांगला टायर असेल, तर ताशी 30 वरून थांबायला साधारण 5 मीटर लागतात. 60 वरून किती? 10 नाही, 20 मीटर. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं. ओल्या रस्त्यावर पकड कमी झाली की हेच 20 मीटर 35 च्या आसपास जातात. शिवाय, ब्रेक दाबायचं डोक्यात येऊन हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात 60 च्या वेगाने तुम्ही जवळपास 17 मीटर पुढे गेलेले असता. गाडी चालवताना इयरफोन नको, ते या 17 मीटरसाठी.

पहिला पाऊस तर खासच. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यात मिसळते, आणि पातळ चिखलाचा थर तयार होतो. त्यात पेव्हर ब्लॉक असतील, रस्त्यावर लोखंडी झाकणं किंवा पत्रे टाकलेले असतील, तर चाकाला धरायला काही उरतच नाही. अशा जागी ब्रेक मारायचा नाही, तिथे पोचायच्या आधीच वेग कमी करायचा. दोन्ही ब्रेक हळूहळू वाढवत दाबायचे. वळणातही तसंच, ब्रेक वळणाच्या आधी.

एबीएस हेच काम करतं. चाक लॉक होतंय असं सेन्सरला कळलं, की ते ब्रेक क्षणभर सोडतं, पुन्हा धरतं, पुन्हा सोडतं. एका सेकंदात कितीतरी वेळा. सगळा खटाटोप कशासाठी? चाक फिरतं राहावं आणि तो खालचा बिंदू थांबलेला राहावा, यासाठी. 125 सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना आपल्याकडे 1 एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचं आहे. पण रस्त्यावर त्याआधीच्या गाड्याही आहेत आणि लहान स्कूटरही. तिथे एबीएसचं काम तुमच्या बोटांना करायचंय.

आता बाईकवरून उतरू आणि लोकलमध्ये चढू.

लोकलचं नवं चाक जवळपास 95 सेंटिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे एका फेरीत सुमारे 3 मीटर. अंधेरी ते बोरिवली 12 किलोमीटर धरले, तर प्रत्येक चाक चारेक हजार गिरक्या घेतं. 12 डब्यांच्या गाडीला अशी 96 चाकं. आणि प्रत्येक चाक रुळाला टेकतं ते जेमतेम एका छोट्या नाण्याएवढ्या जागेत. डब्यात चेंगरलेली सगळी माणसं धरून अख्ख्या गाडीचा भार 96 नाण्यांवर!

तिथेही नियम तोच. ओल्या रुळावर ब्रेक लागून चाक लॉक झालं, तर ते रुळावर घासत जातं आणि लोखंड एका जागी सपाट होतं. मग ते चाक फिरताना प्रत्येक फेरीला दणका देतं. कधीतरी डब्याखालून टक-टक-टक-टक असा घाईघाईचा आवाज येतो ना? रुळाच्या सांध्यांचा नाही, तो सावकाश येतो. गाडी वेगात असताना सेकंदाला चार-पाच दणके बसत असतील, तर बहुधा तुमच्या पायाखाली एक सपाट झालेलं चाक आहे. चाक कधीतरी घसरलं होतं, त्याची ही खूण.

आणखी एक गंमत. लोकलच्या चाकाला आतल्या बाजूने एक कड असते, फ्लँज म्हणतात तिला. ती रुळाच्या पातळीच्याही जवळपास 3 सेंटिमीटर खाली उतरते. रुळाला टेकलेला बिंदू थांबलेला आहे, मग त्याच्याही खालचा? तो मागे जातो! ताशी 100 ने चर्चगेटकडे धावणाऱ्या गाडीतला तेवढा भाग त्या क्षणी ताशी 6 च्या वेगाने बोरिवलीकडे चाललेला असतो.

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. मी मुलुंडला राहते आणि मेट्रो पकडायला घाटकोपरला उतरते. पूल चढायची गर्दी गाठायची नसते, म्हणून गाडी थांबायच्या आधीच दारातून उड्या पडायला लागतात. मागून आवाज येतच असतो, "उतरायचंय ना? मग व्हा पुढे!"

ही उडीही चाकाचीच गोष्ट आहे. आपण चालतो तेव्हा टेकलेलं पाऊल थांबलेलं असतं आणि कंबर त्याच्यावरून पुढे जाते. म्हणजे पाय हा चाकाचा आरा झाला. आपण दोन आऱ्यांचं चाक आहोत, धाव नसलेलं. पहिला आरा कलला की दुसरा वेळेत पुढे यावा लागतो, नाहीतर तोंडावर आपटणार. आपलं रोजचं चालणं ताशी 5 चं. गाडी 15 ने चालली असेल, तर पाऊल फलाटाला टेकताच थांबतं, पण डोकं, छाती, पाठीवरची बॅग 15 नेच पुढे निघालेली असते. दुसरा आरा यायला वेळ कुठे आहे? त्यात फलाट ओला आणि पायात गुळगुळीत चप्पल असेल, तर पहिलं पाऊलही घसरतं. आणि शेजारी गाडी व फलाटामधली ती फट असते.

ताशी 15 ने आपटणं म्हणजे 90 सेंटिमीटरवरून, ओट्याच्या उंचीवरून पडणं. ताशी 30 ने? साडेतीन मीटर, एका मजल्याहून जास्त. पुन्हा तेच, वेग दुप्पट, मार चौपट. आणि दारात उभं राहून 15 आणि 30 मधला फरक डोळ्यांना नीट कळतही नाही.

एसी लोकलमध्ये हा प्रश्नच येत नाही, कारण गाडी थांबल्याशिवाय दार उघडत नाही. 25 डिसेंबर 2017 ला बोरिवलीहून पहिली एसी लोकल सुटली, तेव्हापासून ते आपण बघतोय. बाकीच्या गाड्यांत ते दार आपणच व्हायचं. ताशी 15 वरून पूर्ण थांबायला लोकलला दहा सेकंदही लागत नाहीत. ते सेकंद दारात उभ्यानेच मोजा, आणि मागून कुणी ढकललं तर त्यांनाही मोजायला लावा.

सायकलचा फोटो काढून बघा आणि जमला तर मला पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोवर चाक फिरतं ठेवा.